धाकट्याची फुली

त्या थिएटरच्या केबिनमध्ये दोन मशिनं होती आणि दोन भाऊ होते. मोठ्या मशिनला थोरली म्हणत, लहानीला धाकटी. भावांचंही तसंच होतं, एक थोरला, एक धाकटा. त्यामुळे "धाकटी आज सकाळपासून कुरकुरतेय" असं जिन्यात कानावर पडलं की तिकिटाच्या खिडकीवरचा नवा माणूस हमखास गोंधळायचा. थोरला म्हणायचा, ह्या दोघी जावा आहेत. एका खोलीत नांदतात, पण एकीनं तोंड उघडलं की दुसरीनं मिटायचं, म्हणून तर आपला संसार चाललाय.

त्यात थट्टा कमी आणि कामाची गोष्ट जास्त होती. पिक्चर तेव्हा डब्यांत भरून यायचा, प्रत्येक डब्यात एक रीळ. थोरलीवरचं रीळ संपत आलं की धाकटीवरचं सुरू करायचं, ते संपत आलं की पुन्हा थोरली. हा बदल खाली बसलेल्या माणसाला कळता कामा नये. त्यासाठी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका यायचा, आला म्हणेपर्यंत गेलेलासुद्धा. तो दिसला की दुसरीची मोटर चालू करायची. थोड्या वेळानं दुसरा ठिपका यायचा. तो दिसला की हिची उजेड अडवणारी झडप पाडायची आणि तिची उघडायची. लोक आयुष्यभर पिक्चर बघतात आणि त्यांना हे ठिपके कधी दिसत नाहीत. बरंच आहे ते. एकदा दिसायला लागले की माणूस नटीकडे बघायचं सोडून कोपऱ्याकडे बघत बसतो.

ज्याचं मशीन चालू असेल त्यानं दुसरा ठिपका दिसताच म्हणायचं, "आली." दुसऱ्यानं झडप उघडून म्हणायचं, "घेतली." काय आली आणि काय घेतली, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. पण नियम एकदम कडक होता. "घेतली" कानावर पडल्याशिवाय पहिल्यानं मशीनवरचा हात काढायचा नाही, जागा सोडायची नाही. मग भूकंप होवो. "घेतली" ऐकलं की थोरला मागे सरकून आपल्या स्टुलावर टेकायचा. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्यावर वजन पडलं की टक् असा आवाज व्हायचा. तो टक् ऐकला की धाकट्याचा जीव भांड्यात पडायचा, कारण एक रीळ निभावलं.

धाकट्याची एक खोड होती. तो पिक्चर बघायचा. ऑपरेटरनं पिक्चर बघणं म्हणजे ड्रायव्हरनं बाहेरचा देखावा बघण्यापैकी, पण त्याला राहवायचं नाही. नायिका रडायला लागली की ह्याचेही डोळे भरायचे आणि ठिपके निघून जायचे. दोनदा पडदा पांढरा पडला, खाली शिट्ट्यांचा पाऊस झाला. थोरल्यानं आवाज चढवला नाही. तो घरी गेला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बारीक सुई उचलून आणली, आणि प्रत्येक रिळाच्या शेवटी, पहिल्या ठिपक्याच्या बऱ्याच आधी, फिल्मवर कोपऱ्यात एक फुली खरवडली. हातानं काढलेली, म्हणून पडद्यावर ती थरथरायची. ती फुली फक्त धाकट्यासाठी होती. तिचा अर्थ एवढाच, बाबा रे, आता रडणं पुरे, कोपऱ्याकडे बघ. आलेल्या प्रत्येक प्रिंटवर थोरला अशा फुल्या काढायचा आणि डबे परत नेणारा माणूस प्रिंट खराब केली म्हणून बोल लावायचा. घरी वहिनी सुया कुठं जातात म्हणून सगळ्यांना फैलावर घ्यायच्या. धाकटा तेवढ्यापुरता जेवणात लक्ष घालायचा.

थोरला गेला तो केबिनमध्येच, भर दुपारी. थोरलीवरचं रीळ संपत आलं होतं. फुली आली, पहिला ठिपका आला, दुसरा आला. थोरला म्हणाला, "आली." आणि धाकट्यानं झडपेकडे हात नेला तोच मागे काहीतरी पडलं. तो वळला. त्याच्या तोंडून निघालं, "दादा." मशीनचं भान कुणाला राहणार? फिल्मचं शेपूट चक्रावर फटफटत राहिलं, पडदा पांढरा झाला, खाली लोकांनी शिट्ट्या घातल्या.

"घेतली" म्हणायचं तेवढं राहून गेलं.

धाकट्यानं नंतर दुसरा माणूस मागितला नाही आणि मालकानंही, एक पगार वाचला म्हणून, दिला नाही. दोन्ही मशिनं तो एकटा चालवू लागला. कामावर परतला त्याच दिवशी थोरलीवरचं रीळ संपत आलं, दुसरा ठिपका पडद्यावर उमटला आणि थोरलीच्या बाजूनं आवाज आला, "आली."

आवाजात भुताटकीचं काही नव्हतं. लांबून आलेला नव्हता, घोगरा नव्हता. रोजचाच होता, जरासा घाईतला. धाकट्याचा हात झडपेवर गेला, बदल बिनचूक झाला. सवयीनं त्याचं तोंडही उघडलं. आणि मग त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

कारण नियम त्याला पाठ होता. "घेतली" म्हटलं की दादा हात काढणार. हात काढला की जागा सोडणार. एवढं साधं गणित होतं, आणि धाकट्यानं ते त्या एका क्षणात मांडलं. म्हणायचंच नाही.

घरी वहिनी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. धाकट्याचं लग्न राहूनच गेलं होतं आणि तो पहिल्यापासून भावाच्या घरात वाढलेला. त्यानं चपला काढता काढता सांगून टाकलं, "आज केबिनमध्ये दादा आला होता."

वहिनींनी पाय थांबवला. "काय म्हणाले?"

"आली म्हणाला."

"आणि?"

"आणि काय. एवढंच."

"हो," वहिनी म्हणाल्या, "त्यांचं बोलणं तेवढंच असायचं." आणि त्यांनी कापड पुढे सरकवलं.

तेव्हापासून तो घरात शिरला की त्या मान वर न करता विचारायच्या, "आले होते?" तो म्हणायचा, "आला होता." मग पानं घेतली जायची. बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर दोघांना डॉक्टरकडे नेलं असतं. घरात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आपण ओ देत नाही, एवढं मात्र धाकट्यानं वहिनींना सांगितलं नाही. अशी वर्षं गेली.

मग डिजिटल आलं.

आधी नुसती कुजबुज होती, मग माणसं आली, माप घेऊन गेली. थोरलीचे बोल्ट काढायला दोन दिवस लागले, ती तुकड्यातुकड्यांनी जिन्यातून खाली गेली आणि भंगाराच्या टेम्पोत चढली. धाकटी दिसायला बरी, म्हणून तिला पुसूनबिसून खाली तिकिटाच्या खिडकीजवळ उभी केली. लोक तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढू लागले. केबिनमध्ये एक पांढरी पेटी बसली. पिक्चर आता जेवणाच्या डब्याएवढ्या खोक्यात यायचा, कधी कधी तर खोकंसुद्धा नाही, तारेतूनच. रीळ नाही, ठिपका नाही, झडप नाही. दिवे कधी मालवायचे तेसुद्धा पेटीला पाठ.

मशीन बसवणारा भला माणूस होता. म्हणाला, "काका, आता तुम्हाला आराम. पेटीतला दिवा चालू-बंद करायचं हे एक बटण आहे, तेवढं खेळ चालू असताना दाबू नका. बाकी ती आपली आपण करते."

"मग मी काय करू?"

"लक्ष ठेवायचं."

कशावर ते त्यानं सांगितलं नाही. त्यालाही माहीत नसावं.

थोरलीच्या जागी आता जमिनीत बोल्टांची चार भोकं होती आणि त्यांच्याशेजारी फरशीचा एक तुकडा खोलगट झिजलेला, दादा उभा राहायचा तिथं. स्टूल कुणी नेलं नाही, कारण त्याला काही किंमत येणार नव्हती. पहिल्या खेळाला धाकटा त्या फरशीकडे तोंड करून बसला. पिक्चर सुरू झाला, मध्यंतर झालं, संपला. पेटी एकसारखी घुं घुं करत होती. ठिपका आला नाही, त्यामुळे आवाज यायचं काही कारणच नव्हतं. हे त्याला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

घरी वहिनींनी मान वर न करता विचारलं, "आले होते?"

धाकट्यानं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. एकदा विधवा झालेल्या बाईला दुसऱ्यांदा कसं सांगायचं?

"आला होता," तो म्हणाला.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस ते बोलायला लागला की हात आखडत नाही. धाकट्याचं तसंच झालं. नुसतं "आला होता" त्याला कोरडं वाटू लागलं. तो भर घालू लागला. दादा म्हणाला, वहिनीला सांग, गुडघे शेकत जा. दादा म्हणाला, रात्री शिवत बसून डोळे फोडून घेऊ नकोस. एकदा तर दादा म्हणाला की, तिच्या हातच्या चहाची फार आठवण येते. इतके पिक्चर बघितलेल्या माणसाला संवादांची काय ददात? वहिनी सुईत दोरा ओवत शांतपणे ऐकून घ्यायच्या. "असं म्हणाले?" "हो, असंच म्हणाला." धाकट्याला वाटायचं, चला, निभावतंय. पण अंथरुणावर पडलं की ती खोलगट फरशी डोळ्यांपुढे यायची. दादा तिथं आहे की नाही, असला तर कशावर हात ठेवून उभा आहे, मशीनच नाही तर हात कुठं ठेवत असेल, हे विचार त्याचा पिच्छा सोडत नसत.

मग एक दिवस मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्या जमान्यातला पिक्चर लागतोय. आठवडाभर, दुपारच्या खेळाला. जुनी प्रिंट सापडलीय म्हणे कुठल्या गोदामात, त्यावरून उतरवून घेतलाय. थोडे ओरखडे आहेत, पण लोकांना हल्ली ओरखडेसुद्धा आवडतात."

धाकट्यानं पिक्चर ओळखला. हा आपल्याकडे चांगला चालला होता, नायिका पहिल्या रिळातच रडते, हेही आठवलं. तो बघत बसला. नायिका रडली. त्याचे डोळे भरले.

आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक फुली थरथरली.

सुईनं खरवडलेली, एक पाय लांब, एक आखूड. जगात असली फुली काढणारा एकच माणूस होऊन गेला. त्या गोदामातल्या सगळ्या प्रिंटांतून नेमकी हीच प्रिंट कुणाच्या तरी हाताला लागली होती, आणि तिच्यावरचं जे काही होतं ते सगळं, फुलीसकट, त्या पांढऱ्या पेटीत उतरलं होतं. धाकटा उठून उभा राहिला. पहिला ठिपका आला. दुसरा आला. चार भोकांच्या बाजूनं, रिकाम्या हवेतून आवाज आला.

"आली."

आता हाताला कोण समजावणार? आयुष्यभर तो त्या शब्दावर झडप उघडत आला होता. हात गेला आणि समोर सापडलं ते बटण त्यानं दाबलं. दिवा गेला. सगळं थिएटर काळोखात बुडालं, नायिकेचं रडणं मात्र चालूच राहिलं, आणि खाली शिट्ट्या सुरू झाल्या. त्या शिट्ट्या अगदी दादा गेला त्या दुपारसारख्या होत्या.

मॅनेजर धापा टाकत वर आला तोवर दिवा लागला होता. "झोप लागली होती का काका?"

"हो," धाकटा म्हणाला. कामावर आयुष्यात पहिल्यांदाच त्याला झोप लागली होती असं ठरलं.

"पुन्हा असं झालं तर मला वर उत्तर द्यावं लागेल. मग माझाही इलाज नाही."

घरी वहिनींनी विचारलं, "आले होते?"

"आला होता."

"काय म्हणाले आज?"

"आली म्हणाला."

वहिनींचा पाय थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वर्षांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आज खरं बोललात," त्या म्हणाल्या.

धाकट्याची दुसरी चप्पल पायातच राहिली. "म्हणजे तुम्हाला..."

"भाऊजी, मी त्यांच्याबरोबर संसार केलाय. डोळे फोडून घेऊ नकोस म्हणणारा माणूस होता का तो? आणि चहाची आठवण! समोर ठेवलेला चहा निवून जायचा, त्याची आठवण नसायची."

"मग रोज का विचारत होतात?"

"तुम्ही इतकं मन लावून सांगत होतात. म्हटलं, भाऊजींचं तेवढंच राहिलंय, ते कशाला हिरावून घ्या." त्यांनी कापडाची घडी घातली. "बरंही वाटायचं ऐकायला, खोटं कशाला बोलू. उद्या मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी एकेक पायरी दम खात केबिनमध्ये आल्या. लग्नानंतर एकदाच आल्या होत्या त्या तिथं, तेव्हा थोरलीच्या उष्म्यानं जीव घाबरला होता. आता केबिन गार होती. त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही. चार भोकं पाहिली, शेजारची झिजलेली फरशी पाहिली, आणि पदर सावरून तिच्यापासून दोन हात लांब, अदबीनं उभ्या राहिल्या. भिंतीशी स्टूल होतं, पण त्यावर बसल्या नाहीत.

धाकट्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. पिक्चर सुरू झाला. पहिल्या रिळाच्या शेवटी कोपऱ्यात फुली आली.

"माझी सुई," वहिनी पुटपुटल्या. "आणि मी त्या बापड्या शेजारणीवर आळ घेतला होता."

ठिपका आला, दुसरा ठिपका आला.

"आली."

वहिनी हलल्या नाहीत. धाकटा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे त्याला विचारायचं धाडस होईना. मग त्या म्हणाल्या, "घसा बसलाय त्यांचा."

ऐकू गेलं होतं. आणि धाकट्याच्याही तेव्हा ध्यानात आलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यात आता घाई नव्हती. दमून गेलेला माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो तसा तो होता.

"तुम्ही ओ दिली नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"कधीच देत नाही?"

धाकट्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. नियम सांगितला, त्या दुपारी राहून गेलेला शब्द सांगितला, मिटलेले ओठ सांगितले. "म्हटलं तर तो जाईल, वहिनी. म्हणून नाही म्हटलं."

वहिनी त्या झिजलेल्या फरशीकडे बघत राहिल्या. "म्हणजे ते तेव्हापासून उभेच आहेत?"

पडद्यावर नायक कुणाला तरी शोधत गल्लीबोळांतून धावत होता.

"इतकी वर्षं?" वहिनी म्हणाल्या. "आणि मी रोज आपली विचारतेय, आले होते का, आले होते का. मशीन गेलं तरी माणूस हात धरून उभा. भाऊजी, त्यांचे पाय सुजायचे हो. घरी आले की मी बादलीत गरम पाणी काढून द्यायची."

"तुम्ही म्हणा ना," धाकटा म्हणाला. "तुम्ही म्हटलंत तरी..."

"मी म्हणून काय उपयोग? त्यांनी तुमच्या हातात दिलीय. घ्यायची तुम्ही."

एक बदल तसाच गेला. धाकट्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मध्यंतर झालं, लोक बाहेर जाऊन आले. पुन्हा फुली, पुन्हा तो बसलेला आवाज, आणि पुन्हा धाकट्याचे ओठ शिवल्यासारखे. वहिनींनी त्याला टोचून काही म्हटलं नाही. त्या फक्त भिंतीशी गेल्या, स्टूल उचललं, पदरानं पुसलं आणि त्या खोलगट फरशीच्या मागे, जिथं ते पूर्वी असायचं तिथं नेऊन ठेवलं. मग परत आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या.

"जाऊ द्या असं नाही म्हणत मी," त्या हळूच म्हणाल्या. "बसू द्या."

शेवटचा बदल राहिला होता. त्यापुढच्या रिळाला फुली नसते, ठिपकाही नसतो, कारण पुढे द्यायचं काही उरलेलं नसतं. धाकट्याला हे ठाऊक होतं. पडद्यावर आई मुलाला ओळखत होती आणि खाली लोक नाक ओढत होते. एरवी तो हमखास रडला असता. आज तो कोपऱ्याकडे बघत होता.

फुली आली. वेडीवाकडी, थरथरती, फक्त त्याच्यासाठी काढलेली. मग पहिला ठिपका. मग दुसरा.

"आली," दादा म्हणाला.

पाठीमागे बांधलेले हात धाकट्यानं सोडले.

"घेतली," तो म्हणाला. "घेतली, दादा."

पेटी घुं घुं करत राहिली. आणि त्या आवाजात, रिकाम्या कोपऱ्यात, आखूड पायाचं स्टूल टक् वाजलं.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दोघांनी शेवटचं रीळ उभ्यानंच पाहिलं.

तो पिक्चर आठवड्यानं उतरला. उरलेल्या दिवसांत फुल्या आल्या, ठिपके आले, बाकी काही आलं नाही. धाकटा प्रत्येक वेळी कान देऊन बसायचा. मग त्यानं कोपऱ्याकडे बघायचं सोडलं आणि पिक्चर बघू लागला. नवा पिक्चर लागला, त्यात ठिपके नव्हतेच.

संध्याकाळी तो घरी आला. वहिनी शिवणयंत्रावर होत्या. त्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले, तरी त्यांनी काही विचारलं नाही. पानं मांडून झाली तेव्हा त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "बसलेत ना?"

"बसलाय," धाकटा म्हणाला, आणि जेवायला बसला.